आनंदनगरच्या अलीकडे

कासारवडवलीहून ठाण्याकडे येताना, आनंदनगरच्या थोडं अलीकडे, तीन पट्ट्यांचा रस्ता एकदम एका पट्ट्याचा होतो. आधी पाटी नाही, बाण नाही, लुकलुकणारा दिवा नाही. एका बाजूला कामाचे पत्रे, दुसऱ्या बाजूला काँक्रीटचे कठडे आणि त्यांच्या तोंडाशी लाल-पांढरे प्लॅस्टिकचे बॅरिअर. त्यातले तीन आडवे पडलेत. सकाळचे सव्वाआठ वाजलेत आणि त्या आडव्या बॅरिअरपाशी दुधाचा टेम्पो, शाळेची बस आणि कंटेनर लादलेला ट्रेलर, तिघांची तोंडं एकाच फटीत अडकलीत. ट्रेलरचं पुढचं चाक एका बॅरिअरला टेकलंय. टेम्पोवाला खाली उतरून ट्रेलरच्या दारावर थापा मारतोय. शाळेच्या बसमधली मावशी खिडकीतून हात बाहेर काढून मागच्या दुचाकीवाल्यांना थांबायला सांगतेय, पण तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नाही.

मी वाघबीळपर्यंत रिक्षा केली होती. ती मागे कुठंतरी अडकली, तेव्हा पैसे देऊन उतरले आणि चालत इथवर आले. माझ्यासारखे बरेच जण चालताहेत. पाठीला सॅक, तोंडाला रुमाल, हातात फोन. चालायला पदपथ नाही. सर्व्हिस रोडच्या कडेला होता, तिथं आता खणलंय. पुढे केबलची भेंडोळी, त्यापुढे खडीचा ढीग. त्यामुळे माणसं गाड्यांच्या मधून वाट काढतात आणि दुचाक्या माणसांच्या मधून.

नोव्हेंबर महिना आहे. यंदा पाऊस दिवाळी उलटेपर्यंत रेंगाळला. जिथं चिखल होता तिथं आता धूळ आहे, इतकी बारीक की पत्र्यांवरचा रंग ओळखू येत नाही. समोरून येणाऱ्या एका मुलीनं पांढरा पंजाबी ड्रेस घातलाय, त्याच्या ओटीपर्यंत पिवळसर छटा चढलीय. वर मेट्रोचा पूल आहे, पुरा झालेला, स्वच्छ, एकसंध. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावरून चाचणीची गाडी धावली तेव्हा इथल्या इमारतींच्या गॅलऱ्यांतून लोक फोन धरून उभे होते. ती गाडी पाहून मलाही भरून आलं होतं. वडाळा ते कासारवडवली ही मेट्रो ४ आणि तिथून गायमुखपर्यंत ४अ. मेट्रो ४ची मंजुरी २०१६ सालची. तेव्हा बालवाडीत गेलेलं मूल आज सातवी-आठवीत आहे, आणि त्याची शाळेची बस या घडीला माझ्या डोळ्यांसमोर एका प्लॅस्टिकच्या बॅरिअरमुळे उभी आहे.

मेट्रो हवीच. बोगदाही हवा, ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं, तो झाला तर बोरिवलीला जायला गायमुखच्या घाटाचा वळसा पडणार नाही. खाडीच्या कडेनं बाळकूम ते गायमुख रस्ता आखलाय, तोही हवा. ज्यांनी कधी हा घोडबंदर रोड पाहिला नाही त्यांना हे सगळं एकाच ठिकाणी का लागतं ते सांगायला हवं. ठाण्याकडे तोंड करून उभं राहिलं तर उजव्या हाताला येऊरचे डोंगर, म्हणजे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. डाव्या हाताला खाडी. मध्ये जी चिंचोळी पट्टी उरते तिच्यात ही सगळी वस्ती. कापूरबावडी ते गायमुख, सुमारे दहा किलोमीटर. ओवळा, कासारवडवली, वाघबीळ ही मुळातली गावं, आणि त्यांच्या भातशेतांवर उभे राहिलेले वीस-वीस, तीस-तीस मजले. या साऱ्यांना बाहेर पडायला समांतर असा दुसरा सलग रस्ता नाही. आणि हाच रस्ता न्हावा-शेवा बंदर आणि गुजरात यांच्यातल्या मालवाहतुकीचाही. भिवंडीकडून अंजूरफाटा, कामण, चिंचोटी असा दुसरा मार्ग आहे, पण त्याची अवस्था ट्रेलरवाल्यांना विचारावी. आजीबाईंची रिक्षा, मुलांची बस आणि परदेशी निघालेला कंटेनर, सगळ्यांनी एकाच दारातून जायचं.

त्या दारात काम काढायचं तर किती काळजीनं काढायला हवं! माझं म्हणणं एवढंच आहे. खणू नका असं इथं कुणीच म्हणत नाही. खणलेल्याच्या कडेनं माणूस कसा जाईल, हे खणण्याच्या आधी ठरवा, आणि ते रोज सकाळी जाऊन बघा.

फटीच्या तोंडाशी ट्रॅफिक वॉर्डन आहे. विशीतला पोरगा, याच पट्ट्यातल्या गावातला. शिट्टी तोंडात, डोळे लाल. मी विचारते, "हे बॅरिअर कधी पडले?"

"रात्री डंपरनं उडवले, ताई. मी सातला आलो, तेव्हापासून असेच."

"उचलत का नाहीत?"

"पाणी भरलंय त्यात. एकट्याला हलत नाहीत. आणि हात लावला तर सुपरवायझर बोलतो, तुमचं काम नाही ते."

त्याच्यापासून दहा पावलांवर आणखी एक मुलगा उभा आहे. हिरवं चकचकीत जॅकेट, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात काठीला बांधलेलं लाल फडकं. हा ठेकेदाराचा माणूस. तो फडकं हलवतोय, सारखं, एकाच लयीत. कुणाला थांबवायला आणि कुणाला सोडायला, ते त्याच्या हलवण्यावरून कळत नाही. झारखंडचा आहे, दोन आठवड्यांपूर्वी आलाय. "मुझे यहाँ खड़े रहने को बोला है," एवढंच तो सांगतो. वॉर्डन आणि हा, दोघं एकाच फटीच्या दोन बाजूंना उभे आहेत. एक वाहतुकीच्या बाजूचा, एक कामाच्या बाजूचा. दोघांनी एकमेकांशी बोलावं असं आजवर कुणी त्यांना सांगितलेलं नाही.

ट्रेलरचा ड्रायव्हर राजस्थानचा. खिडकीतून वाकून तो मला समजावू पाहतो की अवजड गाड्यांवरची सकाळची बंदी लागायच्या आत तो ठाणं पार करणार होता. घाटात पुढची एक गाडी बंद पडली, तिथंच त्याची पहाट गेली. तो खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. गायमुखच्या घाटात एक चाक बसलं की त्याचा ताण इकडे कापूरबावडीपर्यंत येतो, हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. रात्री आत शिरलेली अवजड गाडी सकाळी बंदीच्या वेळेत रस्त्यावर सापडते, मग तिला बाजूला घ्यायला जागा नसते, कारण बाजू खणलेली आहे. बंदीचा कागद बरोबर असतो. पण घाट, खड्डा आणि बंदी यांचा हिशेब कुणी एकत्र मांडलेला नसतो.

आता सर्व्हिस रोडचं सांगते, कारण आज जे होणार आहे ते तिथं होतं.

पूर्वी मुख्य रस्ता आणि सर्व्हिस रोड यांच्यामध्ये दुभाजक होता. दोन्ही एकत्र करून रस्ता रुंद करायचं काम सुरू आहे. दुभाजक काढला, पण दोन रस्त्यांची पातळी एक नाही. मुख्य रस्ता वर, सर्व्हिस रोड खाली, मध्ये वीतभर कडा. कुठे ती कडा खडी टाकून उतरती केलीय, कुठे तशीच धारदार सोडलीय. त्या पट्ट्यात जुन्या गटाराचे चेंबर आहेत, काही वर आलेले, काही खाली गेलेले. एका चेंबरवर झाकणाऐवजी लोखंडी प्लेट टाकलीय आणि त्या प्लेटवर कुणीतरी झाडाची फांदी खोचून ठेवलीय, गाडीवाल्याला लांबून दिसावं म्हणून. ती फांदी कुणा अधिकाऱ्यानं खोचलेली नाही. समोरच्या भाजीवाल्यानं खोचलीय. तो म्हणतो, पानं सुकली की मी बदलतो.

वॉर्डन शिट्टी मारतो, शाळेची बस इंचभर पुढे सरकते, आणि ती सरकली म्हणून मागच्या दुचाक्या डावीकडून सर्व्हिस रोडवर उतरतात आणि पुन्हा मुख्य रस्त्यावर चढू पाहतात. दोन जण चढतात. तिसरी स्कूटर, पुढे नवरा, मागे बायको, तिरकी येते. पुढचं चाक कडेला घासतं, वर चढत नाही, कडेच्याच रेषेत घसरत जातं. स्कूटर आडवी होते. मागची बाई ट्रेलरच्या मधल्या चाकांपासून हातभर अंतरावर पडते.

ट्रेलर उभा आहे. चालत असता तर, हे वाक्य मी इथं पुरं करत नाही.

आम्ही पाच-सहा जण धावतो. बाईंचा कोपर खरचटलाय, सलवार गुडघ्यावर फाटलीय. नवऱ्याच्या हाताला कंप सुटलाय आणि तो स्कूटर उचलायचं सोडून नुसता "लागलं का गं, लागलं का" एवढंच म्हणतोय. डबा उघडून भेंडीची भाजी धुळीत सांडलीय. बाई खाली बसून डब्याचं झाकण शोधताहेत. मी म्हणते, राहू द्या, आधी पाणी प्या. त्या म्हणतात, "झाकण नसलं तर डबा पूर्ण वाया जातो." झाकण ट्रेलरच्या खाली आहे. राजस्थानचा ड्रायव्हर इंजिन बंद करून, उतरून, पोटावर आडवा होऊन ते काढून देतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे माणूस दगावला तर त्याच्या वारसांना सहा लाख रुपये आणि जखमी झाला तर जखमेप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई द्यायचा आदेश दिला. ज्या प्रकरणात हा आदेश झाला त्याची सुरुवात २०१३ सालची. न्यायालयाला मेलेल्या माणसाची रक्कम ठरवावी लागते, इतकी वेळ आपण येऊ दिली. आणि तरी त्या आदेशाचं मला मोल वाटतं, कारण त्यानं विचारलंय की पैसे कुणाच्या खिशातून जाणार. पण या बाईंचं काय? खड्ड्यात पडल्या का त्या? उघड्या मॅनहोलमध्ये पडल्या का? त्या एका कडेवरून घसरल्या, जी कडा कुठल्याच नकाशावर नाही, कारण पूर्वीच्या रस्त्यात ती नव्हती आणि उद्याच्या रस्त्यातही नसेल. आम्ही राहतो ते या मधल्या रस्त्यावर. त्याची वर्षं कुणी मोजत नाही.

रस्त्याचं काम चालू असताना वाहतूक कशी सांभाळायची, याची मार्गदर्शिका आपल्याकडे नाही असं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसनं ती प्रसिद्ध केलीय, एसपी ५५ या क्रमांकाची. सुधारित आवृत्ती २०१४ सालची. तिच्यात कामाच्या जागेचे भाग पाडून दिलेत. आधी पूर्वसूचनेचा भाग: पुढे काम आहे, वेग कमी करा, पट्टा कमी होतोय. मग वाहनांना हळूहळू एका बाजूला घेणारा भाग: तिथं बॅरिअर तिरक्या ओळीत लावायचे, म्हणजे तीन पट्ट्यांतली वाहनं दुरूनच एकात मिसळत येतात. मग प्रत्यक्ष काम, आणि कामाच्या नंतर रस्ता पुन्हा मोकळा होतो हे दाखवणारा शेवटचा भाग. पायी चालणाऱ्यांचाही विचार त्यात आहे. मी जिथं उभी आहे तिथं यातला तिसरा भाग तेवढा आहे. काम आहे, त्याच्या आधीचं आणि नंतरचं काही नाही.

वॉर्डनला मी विचारते, "तिरके लावले तर?"

तो एकदा माझ्याकडे, एकदा बॅरिअरकडे बघतो. "मी रोज बोलतो तेच. मागून तिरके आणले ना, तर गाड्या तिथूनच लायनीत येतील. पण माणसं पाहिजेत चार."

माणसं चारच काय, सहा मिळतात. स्कूटरवाला, ट्रेलरचा ड्रायव्हर, रिक्षा बंद करून बसलेले एक काका, कॉलेजची दोन मुलं आणि मी. काकांना बॅरिअरची तऱ्हा माहीत आहे. ते खालचं बूच काढतात, पाणी भळभळ वाहतं आणि धुळीतून काळा ओघळ निघतो. निम्मं पाणी गेल्यावर थांबायला सांगतात. "सगळं नका काढू, नाहीतर वाऱ्यानं जाईल." आडवे पडलेले तीन उभे होतात. उभे असलेले दोन आम्ही मागे सरकवतो. ट्रेलर आधी थोडा मागे घ्यावा लागतो. त्यासाठी मागच्या गाड्यांना मागे सरकायला सांगणं हेच सगळ्यात अवघड काम, आणि ते झारखंडचा मुलगा करतो. फडकं काखेत धरून, दोन्ही हात जोडून, एकेका गाडीच्या काचेपाशी जाऊन. वॉर्डन त्याला लांबून हाक मारून सांगतो, आता लाल दाखव, आता खाली घे. पाचेक मिनिटांत दोघांचं जमतं.

पाच बॅरिअरची तिरकी ओळ फार लांब होत नाही. एका पट्ट्यातून तीन पट्ट्यांएवढ्या गाड्या जाणार नाहीत, हे मलाही कळतं. आनंदनगरपासून मागे कासारवडवलीपर्यंत जी रांग आहे ती यानं आटणार नाही. पण फटीच्या तोंडाशी जी झोंबाझोंबी होती ती थांबते. आधी टेम्पो, मग शाळेची बस, मग ट्रेलर. एक डावीकडून, एक उजवीकडून. दुचाक्या खालच्या रस्त्यावर उतरायच्या थांबतात, कारण वरच्या रांगेला आता गती आहे, मंद का होईना. बसमधली मावशी आत सरकते आणि खिडकी लावून घेते. हॉर्न बरेच कमी झालेत.

तेवढ्यात कामाच्या पत्र्यामागून सुपरवायझर येतो. तरुणच आहे, हातात चहाचा कप. "हे कुणी हलवलं?"

वॉर्डन गप्प. मी सांगते, आम्ही हलवलं, आणि का ते सांगते. कडेवरून पडलेल्या बाईंचा कोपर दाखवते. तो ओशाळतो, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. म्हणतो, "मॅडम, आमच्या ड्रॉइंगमध्ये जसं आहे तसं लावायचं असतं." मी म्हणते, ड्रॉइंग दाखवा. त्याच्या फोनमध्ये ते खरोखर आहे. बोटांनी मोठं करून तो दाखवतो, आणि आम्ही दोघं एकदमच पाहतो: त्यात तिरकी ओळ आहे. आता आम्ही लावलीय त्याहून कितीतरी लांब. पाट्या आहेत, बाण आहेत, दिवे आहेत, पायी जाणाऱ्यांसाठी कठड्याची वाट आहे.

"मग?" मी विचारते.

"मटेरियल आलं होतं मॅडम. काही पुढच्या साइटला गेलं, काही तुटलं. मागणी टाकलीय." मग थोडं थांबून, "हे राहू द्या असंच. मी साहेबांना फोटो पाठवतो." तो फोटो काढतो. काकांना विचारतो, बूच घट्ट लावलंय ना. कडेवर खडी टाकून उतार करून द्या, असं मी म्हणते तेव्हा तो मान हलवतो आणि म्हणतो, ते आमच्याकडे येत नाही, ते काम दुसऱ्यांचं. कुणाचं, ते त्याला सांगता येत नाही. खडीचा ढीग त्याच्या पायाशी आहे.

मला त्याचा राग येत नाही. राग येतो तो या गोष्टीचा, की कागदावर कुणीतरी नीट विचार केला होता, त्याला मंजुरी मिळाली होती, आणि मंजुरीनंतर ती तिरकी ओळ रस्त्यावर आहे की नाही हे बघायला कुणी आलं नाही. काम किती टक्के झालं ते मोजायला माणसं येतात. खांब मोजतात, गर्डर मोजतात. बॅरिअर कुणी मोजत नाही. पाट्या, दिवे, बॅरिअर हे कामाच्या पैशातलं स्वतंत्र कलम असावं आणि ते जागेवर दिसल्याशिवाय पुढचं बिल निघू नये, अशी साधी अट का घालता येत नाही? ती घातली असती तर हा सुपरवायझर सकाळी सहाला आधी इथं आला असता.

भाजीवाला दोन घमेली खडी भरून आणतो आणि कडेपाशी ओततो. कुणाची परवानगी घेत नाही. सुपरवायझर बघतो, काही बोलत नाही.

मी पुढे चालू लागते. डोंगरीपाड्याच्या दिशेनं रांग अजून तशीच आहे, पण सरकती. माझ्या बाजूनं एक मुलगी भराभर चालतेय, खांद्याला पर्स, ओढणीखाली नर्सचा गणवेश. फोनवर कुणाला तरी सांगतेय, "निघालेय गं, चालतच निघालेय. पातलीपाड्याला रिक्षा मिळाली तर वीस मिनिटं." फोन ठेवून ती माझ्याकडे बघते, कारण मी ऐकत होते हे तिला कळलंय.

"रात्रपाळीची मैत्रीण आहे," ती सांगते. "तिची ड्युटी केव्हाच संपलीय. मी जाऊन चार्ज घेतल्याशिवाय तिला वॉर्ड सोडता येत नाही."

"ती कुठं राहते?"

"ओवळ्याला. याच रस्त्यानं जायचंय तिला. बारा वाजता मुलगा शाळेतून सुटतो, त्याच्या आत."